मोकळी पुली

माझ्या शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग आहे. तिथं मी जळालेल्या क्लचप्लेटा टांगून ठेवतो. गिऱ्हाइकाला दाखवायला बऱ्या पडतात. निळी पडलेली प्लेट एकदम तापलेली असते. काचेसारखी चकाकणारी बरेच महिने थोडी थोडी घसरत आलेली. एका अंगानंच खाल्लेली दिसली की पुली तिरकी बसवली होती, हे डोळे मिटून सांगावं. गिऱ्हाईक शपथेवर सांगत असतं की आम्ही इंजिन मंद करूनच पंप जोडतो, आणि त्याच्या हातातली प्लेट निळीशार असते. मी वाद घालत नाही, नवीन क्लचचे पैसे सांगतो.

शेड आहे अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला तासाभरावर. मूळ गाव कराडच्या बाजूचं. धंदा कार्पेट धुणाऱ्या व्हॅन दुरुस्त करण्याचा. हे गावाकडं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चुलते म्हणाले, "म्हंजे सतरंज्या धुतोस व्हय तिकडं?" मी म्हटलं, धुत नाही, धुणाऱ्यांची यंत्रं नीट करतो. त्यांनी मान डोलावली, पण पुढं दोन-तीन वर्षं भावकीत 'आमचा पोरगा सतरंज्यांच्या कामात आहे' असंच सांगितलं जायचं. तेही फारसं खोटं नव्हतं. सुरुवातीला मीही वर्षभर कार्पेट धुतलंय.

व्हॅन अशी असते. मागचं दार उघडलं की लोखंडी चौकटीत एक इंजिन, त्याला जोडलेला हवा ओढणारा ब्लोअर, दाबानं पाणी सोडणारा पंप, पाणी तापवायची सोय आणि मळकं पाणी साठवायची टाकी. गिऱ्हाइकाच्या अंगणातल्या नळाला पाइप लावायचा आणि घरात दोन नळ्या न्यायच्या. बारीक नळीतून गरम पाणी जातं, साबणाचं औषध त्यातच मिसळलेलं. दुसरी मनगटाएवढी जाड, तिच्यातून तेच पाणी घाण घेऊन परत येतं. इंजिनाच्या अंगातली आणि धुराड्यातली उष्णता वाया जाऊ न देता पाणी तापवायला घेतात, त्यामुळं उकळीच्या जवळ गेलेलं पाणी फुकटात मिळतं. लोक ह्याला 'स्टीम क्लीनिंग' म्हणतात. वाफ त्यात नावालाही नसते, पण एकदा तोंडात बसलेला शब्द कोण काढणार!

ह्यात क्लच कुठं, तर पंपाच्या पुलीत. ब्लोअर सतत फिरतो, पंप मात्र सतत फिरवायचा नसतो. एखाद्याच्या तळघरात पाणी भरलं तर नुसतं ओढायचं काम असतं, तेव्हा बटण बंद करून पंप मोकळा सोडायचा. काही व्हॅनमध्ये वेगळं इंजिनच नसतं. गाडी चालवणारं इंजिनच दारात उभं राहिल्यावर ब्लोअर आणि पंप चालवतं. तिथं क्लच मोठा, आणि गेला तर अख्खा दिवस बुडाला.

एवढं मोठं इंजिन माणसाच्या दारात नेऊन उभं करायची अक्कल कुणाला सुचली, हा प्रश्न मला पहिला क्लच जळाला तेव्हाच पडला होता. शोधत गेलो तर गोष्ट घोड्यांपर्यंत मागं गेली.

त्या घोड्यांच्याही आधी गालिचा झोडपायचा. इथल्या जुन्या लोकांना अजून आठवतं, वसंतात गालिचे अंगणातल्या दोरीवर टाकून वेताच्या झोडपण्यानं बडवायचे. आपल्याकडं लग्न उरकल्यावर मांडवातली जाजमं दोघांनी चार कोपरे धरून झटकायची, तोच प्रकार. सेंट लुइसच्या जॉन थर्मननं 1899 मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात दाबाची हवा गालिच्यावर मारून धूळ उडवायची आणि उडालेली डब्यात गोळा करायची, अशी कल्पना होती. फुंकण्याचा हा खेळ लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरनं पाहिला. एका अमेरिकनानं आणलेल्या यंत्राचं तिथल्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये प्रात्यक्षिक होतं. बूथनं विचारलं, फुंकता कशाला, ओढा की. शोधकर्ता म्हणाला, ते जमत नाही. बूथ तिथून उठला आणि पुढं व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल टाकून त्यानं तोंडानं जोरात श्वास ओढून पाहिला. ठसका लागून जीव घाबरा झाला. रुमालाच्या खालच्या बाजूला मात्र काळा डाग उठला होता.

बूथनं 1901 मध्ये पेटंट घेतलं आणि जे यंत्र बनवलं ते घरात मावणारं नव्हतंच. घोड्यांनी ओढायची लाल गाडी, तिच्यावर पेट्रोलचं इंजिन आणि हवा ओढणारा पंप. गाडी रस्त्यात उभी राहायची, लांबच लांब नळ्या खिडकीतून आत जायच्या. माझ्याकडं येणाऱ्या व्हॅनची ही थेट पणजी. इंजिनाच्या आवाजानं रस्त्यावरचे घोडे बुजायचे, त्यावरून कोर्टकज्जेही झाले. श्रीमंत बायका मात्र मैत्रिणींना चहाला बोलवून आपला दिवाणखाना साफ होताना दाखवायच्या. नळीला मध्येच काचेचा भाग ठेवलेला असायचा, त्यातून जाणारा कचरा दिसावा म्हणून. ही युक्ती अजून चालते. व्हॅनवाली पोरंही काम झाल्यावर मालकिणीला बोलावून टाकीतलं काळं पाणी दाखवतात, आणि ते पाहिल्यावर ती पैशांसाठी घासाघीस करत नाही.

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी, 1902 मध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीतला सिंहासनाखालचा गालिचा बूथच्या यंत्रानं साफ केला आणि राजवाड्यातून मागणी आली. हाच बूथ आधी मोठाले आकाशपाळणे उभारायच्या कामात होता. जत्रेत पाळण्यात बसलेल्या माणसाच्या पोटात जसा गोळा येतो, तसा त्याच्या इंजिनाच्या आवाजानं त्या काळच्या घोड्यांच्या पोटात येत असेल.

पण बूथच्या गाडीतलं इंजिन फक्त सफाईचं काम करायचं. ओढायचं काम घोडे करत. दोन कामांना दोन जीव, त्यामुळं जोडायची-सोडायची कटकट नव्हती. घोडा हा त्या गाडीचा क्लच, असं मी पोरांना सांगतो. ती हसतात. त्यांच्यापैकी कुणी घोडा जुंपलेला नाही.

हळूहळू हे यंत्र आकसत गेलं, विजेवर आलं आणि घराच्या कपाटात जाऊन बसलं. दारातली गाडी संपल्यातच जमा होती. तिला परत दारात आणलं ते माझ्या शेडपासून साधारण तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका गावानं, डाल्टननं.

डाल्टनची गोष्ट एका मुलीपासून सुरू होते. कॅथरीन इव्हान्स, वय पंधरा. तिनं 1895 मध्ये एक जुनी चादर पाहून तशीच हातानं बनवली, जाड सुताचे टाके घालून ते वर कापून फुलवलेली. पुढं 1900 मध्ये तशी एक चादर तिनं अडीच डॉलरला विकली. मग शेजारणी शिकल्या, त्यांच्या शेजारणी शिकल्या. पंचवीस-तीस वर्षांत घराघरांत टाके घालायचं काम चालू झालं आणि हमरस्ता क्रमांक 41 च्या कडेनं दोरीवर चादरी वाळत टाकलेल्या दिसू लागल्या. त्यांत मोराचं चित्र इतकं खपायचं की रस्त्याला 'पीकॉक ॲली', मोरांची गल्ली, असंच नाव पडलं. इचलकरंजीत घराघरांतून मागाचा खडखडाट ऐकू यायचा तसा इथं सुईचा धंदा होता, फक्त आवाज नसलेला. पुढं टाके घालायला मशिनं आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मशिनं इतकी रुंद झाली की चादरीच्या जागी खोलीभर कार्पेट निघू लागलं. त्यात नायलॉन आलं. विणलेल्या लोकरी गालिच्याच्या मानानं हे इतकं स्वस्त की कारकुनाच्या घरातही भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट बसलं.

पूर्वीचा गालिचा खिळ्यांनी ठोकलेला असला तरी वर्षातून एकदा उचकटून अंगणात यायचा. हे नवं कार्पेट काट्यांच्या पट्टीवर ताणून, खाली फोमचा थर घालून बसवलेलं. ते उचलायचं म्हणजे घर मोडल्यासारखं. दोरीवर टाकून झोडपायची सोय गेली, धुवायला कारखान्यात पाठवायची सोय गेली. मग धुणाऱ्यानंच घरी यायचं. आधी ब्रश आणि फेस, नंतर लहान विजेची मशिनं. घरातल्या विजेच्या एका प्लगमधून मिळते तेवढ्या ताकदीत खोल गेलेलं पाणी वर ओढता येत नव्हतं, कार्पेट दोन-दोन दिवस ओलं राहून वास मारायचं. तेव्हा 1970 च्या सुमारास लोकांनी व्हॅनमध्ये इंजिन चढवलं आणि बूथची गाडी घोड्यांशिवाय परत आली.

ओहायोतल्या जॅक बेट्सनं कार्पेट धुण्याचा धंदा 1947 मध्येच काढला होता. नाव ठेवलं स्टॅन्ली स्टीमर, जुन्या वाफेवरच्या मोटारीवरून. त्या पिवळ्या व्हॅन आज अमेरिकेत सगळीकडं दिसतात. ह्या धंद्यातल्या लोकांना प्रमाणपत्र देणारी संस्था 1972 मध्ये निघाली. डुपाँटनं 1986 मध्ये डाग न धरणारं नायलॉन स्टेनमास्टर नावानं बाजारात आणलं, आणि कार्पेटच्या वॉरंटीत ठराविक मुदतीनं गरम पाण्यानं धुऊन घेण्याची अट येऊ लागली. ही अट आमच्यासाठी सटवाईनं कपाळावर लिहिल्यासारखी. वॉरंटी आहे तोवर व्हॅन आहे, व्हॅन आहे तोवर क्लच आहे.

ब्लोअरची कुळकथा वेगळी, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिलला फ्रान्सिस आणि फिलँडर रूट्स ह्या भावांची लोकरीची गिरणी होती. पाण्यावर चालणारं चाक सुधारायच्या नादात त्यांनी एका डब्यात एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर बसवले. चाक म्हणून ते कुचकामी ठरलं. असं सांगतात की नुसतंच फिरवून बघताना वरून हवेचा असा झोत आला की वाकून बघणाऱ्याची टोपी उडाली. 1860 मध्ये त्याचं पेटंट झालं, ब्लोअर म्हणून. न्यूयॉर्कमध्ये 1870 ला जमिनीखाली हवेच्या जोरावर डबा ढकलणारी छोटी रेल्वे झाली होती, तिलाही रूट्सचाच अजस्र ब्लोअर होता. लोकरीच्या गिरणीत जन्मलेलं यंत्र शंभर वर्षांनी कार्पेट धुवायला लागलं. माझ्या शेडमध्ये आज उघडून ठेवलेल्या ब्लोअरमध्ये तेच दोन रोटर आहेत, आकारात फरक, तत्त्व तेच.

आता इंजिन आलं, ब्लोअर आला, पंप आला. एक इंजिन दोन-तीन कामांना जुंपलं की सोडायचं कसं हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर मी अमेरिकेत शिकलो नाही.

आमची पिठाची गिरणी होती. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती चालवली, एका तेलाच्या इंजिनावर. छताजवळून एक लांब दांडा गेलेला, त्यावर पुल्या, त्यावरून खाली आलेले चामड्याचे चपटे पट्टे. एक पट्टा ज्वारीच्या जात्याला, एक गव्हाच्या, एक मिरचीच्या डंकाला. प्रत्येक जात्याला शेजारी शेजारी दोन पुल्या. एक दांड्याला पक्की, दुसरी मोकळी, नुसतीच गरगरणारी. दळण नसलं की अण्णा लाकडी दांडीनं पट्टा मोकळ्या पुलीवर ढकलायचे. इंजिन चालूच, वरचा दांडा चालूच, जातं थांबलेलं. दळण आलं की पट्टा हळूच पक्क्या पुलीवर. 'हळूच' हे महत्त्वाचं. एकदम ढकलला तर पट्टा किंचाळायचा, करपल्याचा वास यायचा, कधी तुटून अंगावर यायचा. घसरायला लागला की अण्णा आतल्या बाजूनं राळ चोळायचे. मुंबईतल्या कापडगिरण्यांत पिढ्यानपिढ्या हेच चाललं. पट्ट्यात सापडून हात गेलेली माणसं कोणत्याही जुन्या गिरणगावात भेटायची. आमच्या मिरचीच्या डंकावरच्या गड्याचा सदरा एकदा पट्ट्यानं ओढून नेला, माणूस वाचला, सदरा वरच्या दांड्याला तीन दिवस गुंडाळलेला होता.

मोटारींनाही आधी असंच काहीतरी लागायचं. सुरुवातीच्या गाड्यांत शंकूसारखा क्लच, त्यावर चामडं. चामड्यावर तेल गेलं की तो घसरायचा, आणि शोफर त्यावर मुलतानी माती टाकायचा, तेल शोषून घ्यायला. लोकरीतलं तेल काढायलाही शेकडो वर्षं हीच माती वापरत आले, म्हणजे गालिच्याची आणि क्लचची ओळख तशी जुनीच. पॅकार्ड कंपनीनं 1940 च्या मॉडेलमध्ये मोटारीत एसी दिला, पण कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. थंडीत एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा! हे मी वाचलं तेव्हा एकटाच हसत बसलो. श्रीमंतांची मोटार आणि अण्णांच्या गिरणीपेक्षाही मागासलेली. तिथं निदान मोकळी पुली तरी होती. पुढं 1950 च्या दशकात एसीला विजेच्या चुंबकाचा क्लच आला आणि बटणावर काम व्हायला लागलं. आमच्या पंपावरचा क्लच त्याच जातीचा.

आतमध्ये तीनच वस्तू असतात. एक कॉइल, पंपाच्या अंगाला पक्की, न फिरणारी. तिच्यावर बेरिंगवर मोकळी फिरणारी पुली, पट्टा तिच्यावर. आणि पंपाच्या दांड्याला चावीनं बसवलेली प्लेट. बटण दाबलं की कॉइलमधून बारा व्होल्टचा प्रवाह जातो, चुंबक तयार होतं, प्लेट 'टक्' करून पुलीला चिकटते आणि पंप फिरायला लागतो. बटण सोडलं की पानाच्या स्प्रिंगा प्लेट मागं ओढतात. प्लेट आणि पुलीमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा. हीच फट क्लचचं आयुष्य. जोडताना दर वेळी दोन्ही तोंडं क्षणभर घासतात, झिजतात, फट वाढत जाते. एक दिवस अशी येते की सकाळी सगळं ठीक असतं आणि दुपारी पंप सुटतो. कारण कॉइल तापली की तिचा विरोध वाढतो, प्रवाह कमी होतो, चुंबक अशक्त होतं आणि रुंद झालेली फट त्याला पेलत नाही. पोरं फोन करतात, सकाळी दोन घरं झाली, तिसऱ्या घरात पाणीच येत नाही. मी विचारतो, अर्धा तास थांबून पुन्हा बघितलं का? हो, चाललं. मग क्लचच.

नवा घालायच्या आधी मी पंप हातानं फिरवून बघतो. फिरला नाही तर रोग पंपात आहे. थंडीत रात्रभर व्हॅन उघड्यावर उभी राहिली, आत पाणी गोठलं, तर पंप आवळून बसतो आणि क्लच बिचारा त्याला फिरवायच्या प्रयत्नात जळतो. मग प्लेट काढायची पुलरनं. हातोडा मारायचा नाही, दांड्यावर मारलेला घाव थेट पंपाच्या बेरिंगला जातो. नवी कॉइल जुन्याच रोखानं बसली पाहिजे, तार पट्ट्याला लागायला नको. पुली सरळ रेषेत आहे का ते पट्टी लावून बघायचं. शेवटी फीलर गेजनं फट तीन ठिकाणी मोजायची आणि कमी-जास्त असेल तर प्लेटमागं बारीक वायसर घालून-काढून बसवायची. हे सगळं तास-दीड तासाचं काम. मग इंजिन चालू करून, मंद ठेवून, वीस-पंचवीस वेळा जोड-सोड करायची. नवी तोंडं एकमेकांना ओळखायला लागली पाहिजेत.

माझा स्वतःचा पहिला क्लच मी दुसऱ्याच आठवड्यात जाळला होता. 1996 ची गोष्ट. मेव्हण्याच्या ओळखीनं एका गुजराती मालकाच्या मोटेलात डागडुजीला लागलो होतो. तिथं कार्पेट धुवायला येणाऱ्या माणसाला मदतनीस हवा होता. त्यानं शिकवलं होतं, आधी पंप, मग वेग. मला घाई. डिप्लोमा झालेला माणूस, मला काय शिकवतो! आधी इंजिन पूर्ण वेगात नेलं आणि मग बटण दाबलं. 'टक्'च्या जागी लांबलचक किंकाळी, आणि नाकात अण्णांच्या गिरणीचा वास. पगारातून पैसे कापून घेतले त्यानं, आणि योग्यच केलं.

पण खरी लक्षात राहिलेली केस वेगळी. एका तरुण जोडप्याची व्हॅन चार महिन्यांत तीन क्लच खाऊन माझ्याकडं आली. आधीच्या दुकानानं प्रत्येक वेळी नवीन क्लच घालून दिला होता, पैसे घेऊन. चौथ्याला ते कर्ज काढायच्या बेतात होते. बायको काउंटरवर पावत्यांची चळत ठेवून गप्प बसली होती, नवरा पाय हलवत होता. मी क्लचला हातच लावला नाही. पंप चालू असताना कॉइलच्या तारेवर मीटर लावला, दहा व्होल्टलाही पोचत नव्हता. इंजिन बंद, तार मोकळी करून मोजलं तर साडेबारा. म्हणजे बॅटरी ठीक, वाटेत कुठंतरी चोरी. जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, तार जिथं चौकटीला बोल्टानं बसवलेली होती, त्याच्या बरोबर वर औषधाचा कॅन ठेवायची जागा. कॅन झिरपत होता. आमची औषधं बहुतेक अल्कली, ती थेंब थेंब पडून बोल्टावर हिरवट-पांढरी खपली धरली होती. बोल्ट काढला, चौकट घासून चकचकीत केली, नवा बोल्ट, नवं टर्मिनल, वरून ग्रीस. पंधरा मिनिटं. कॅनची जागा बदलायला लावली. तो क्लच पुढं किती टिकला मला माहीत आहे, कारण सहा वर्षांनी व्हॅन विकायच्या आधी त्यांनी ती मला दाखवायला आणली होती, आणि आत तोच होता.

अण्णा 2004 च्या उन्हाळ्यात आले, सहा महिन्यांसाठी. गिरणी तोवर विजेच्या मोटारीवर गेली होती आणि मग बंदच पडली होती. त्यांना घरात करमेना. टीव्ही कळेना, बाहेर चालायला फुटपाथ नाही. मग रोज माझ्याबरोबर शेडवर यायचे आणि औषधाच्या रिकाम्या बादलीवर बसायचे, धोतर सावरून. मेक्सिकन पोरगा होता मदतीला, त्याच्याशी त्यांची खुणांनी दोस्ती जमली. दोघांच्या बोलण्यात एकही शब्द सामाईक नव्हता, तरी मी नसताना दोघांनी मिळून एक पंप उघडलेला असायचा.

एकदा मी क्लच सोडवून तिन्ही वस्तू कागदावर मांडल्या होत्या. अण्णांनी पुली उचलली, बेरिंगवर फिरवून बघितली. मग प्लेट उचलली, तिची चावीची खाच बोटानं चाचपली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आरं, ही तर आपली मोकळी पुलीच की," ते म्हणाले. "निस्ती एका जागी बसवलीया."

मी म्हटलं, "होय अण्णा. दांडीच्या जागी बटण."

"आन् राळ?"

"राळ नसते. फट मोजावी लागते."

त्यांनी फीलर गेज मागून घेतलं, पातीन् पाती उलगडून बघितली. त्या दिवशीची फट त्यांनीच मोजली. चष्मा कपाळावर ढकलून, पाती सरकवताना श्वास रोखून. तीन जागी सारखी लागेपर्यंत त्यांनी मला दोनदा वायसर बदलायला लावलं. इंजिन चालू केल्यावर मेक्सिकन पोरगं नेहमीसारखं आधी वेग वाढवायला निघालं, तर अण्णांनी बादलीवरूनच हात वर केला आणि "हळू! हळू!" म्हणून ओरडले. पोरगं थांबलं. हा एक मराठी शब्द त्याला अजून येतो, आणि नवीन माणूस कामाला आला की तो त्याला तोच पहिला शिकवतो.

हल्ली कार्पेटच कमी होत चाललंय. नव्या घरांतून लाकडाची नाहीतर लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची जमीन घालतात. व्हॅनवाले फरशा आणि त्यांच्या सांधी धुवायला लागले आहेत. क्लच तिथंही लागतो, पण महिन्याला पूर्वी सात-आठ यायचे तिथं आता तीन येतात. डाल्टनमधले कारखानेही तसल्या जमिनी बनवू लागलेत.

अण्णांनी परत जाताना भिंतीवरची एक निळी प्लेट मागितली होती. कशाला, ते सांगितलं नाही. अटलांटाच्या विमानतळावर तिनं बराच वेळ घेतला, दोन अधिकारी उलटीपालटी करून बघत होते आणि अण्णा त्यांना मराठीत गिरणी समजावून सांगत होते. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी पुतणीनं घरातला फोटो पाठवला, दुसऱ्याच कशाचा तरी. मागं दुधाचं पातेलं दिसत होतं, त्यावर झाकण आणि झाकणावर ती प्लेट. विचारलं तर म्हणाली, मांजर झाकण पाडतं, आजोबांनी ठेवली तेव्हापासून नाही पाडत.